मुंगी चावल्यासारखं

नॉर्मन कोरा नावाच्या अमेरिकन संशोधकाने 1969 साली चार प्रश्नांची एक चिमुकली प्रश्नपत्रिका काढली. माणसाला दंतवैद्याची भीती किती वाटते, ते मोजण्यासाठी. पहिलाच प्रश्न असा, की उद्या दंतवैद्याकडे जायचं असेल तर तुम्हाला कसं वाटेल? उत्तरासाठी पाच पर्याय, आणि त्यातला पहिला साधारण असा, की बऱ्यापैकी आनंदाचा अनुभव म्हणून मी त्याची वाट बघेन! या पर्यायावर खूण करणारा माणूस मला एकदा भेटायला हवा आहे. तो लग्नाच्या पंगतीत जिलबीला नको म्हणून कारल्याची भाजी मागून घेत असणार. शेवटचा पर्याय दंतवैद्य काय करेल, या विचाराने पार घाबरून जाण्याचा. मधले तीन सभ्य लोकांसाठी.

आपल्याकडचं खरं उत्तर मात्र या पाचांत नाहीच. "उद्या? उद्या चतुर्थी आहे." चतुर्थी नसली तर अमावास्या, अमावास्या नसली तर पाहुणे. पितृपंधरवडा लागला की घाऊक सोय.

गंमत म्हणजे कोराच्या प्रश्नांत दवाखान्याबाहेरचा बाक होता, ड्रिल होतं, दात खरवडायची हत्यारं होती, पण इंजेक्शन नव्हतं. ते ब्रिटनमधल्या संशोधकांनी 1995 साली पाचवा प्रश्न म्हणून घातलं. सुईची आठवण व्हायला 26 वर्षं लागली म्हणजे प्रश्न काढणाऱ्यांचे स्वतःचे दात उत्तम असावेत.

आमचे एक मामा आहेत. विहिरीत पडलेला नाग त्यांनी दोर आणि काठी घेऊन एकट्याने वर काढला, ही गोष्ट आमच्या घरात तिसऱ्या पिढीला सांगून झाली आहे. अशा या मामांची दाढ ठणकायला लागली, की ते आधी लवंग धरत, मग लवंगेचं तेल, मग मिठाच्या गुळण्या, मग कुणीतरी सांगितलेला पेरूचा पाला. दवाखान्याच्या दारापर्यंत एकदा गेलेही होते, पण आतून आलेल्या वासाने परत फिरले. तो वास मुख्यतः लवंगेचा असतो. दातातल्या तात्पुरत्या सिमेंटमध्ये लवंगेच्या तेलातलंच युजेनॉल घालतात. घरी चार दिवस जे तेल त्यांनी निमूट तोंडात धरलं, तेच दारात आल्यावर त्यांना यमदूतासारखं वाटलं.

मग व्हायचं तेच झालं. गाल सुजला, दोन रात्री जागून काढल्या आणि मामांना उचलून न्यावं लागलं. दाढ उपटली. इंजेक्शन देऊनही दुखलं. त्यात डॉक्टरचा दोष असेल-नसेल, पण सुजलेल्या, पू झालेल्या जागेत आम्लता वाढते आणि बधिर करणारं औषध तिथे धड काम करत नाही, हे खरं. भीतीमुळे उशीर, उशिरामुळे सूज, सुजेमुळे वेदना, आणि वेदना झाली की मामा म्हणायला मोकळे, "बघा, मी सांगत नव्हतो?" पुढची कित्येक वर्षं त्यांनी एकाच बाजूने जेवून काढली.

या भीतीचं बी बहुतेकांच्या लहानपणीच पेरलेलं असतं, आणि पेरणारे आपणच असतो. "गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील," असं पाच वर्षं सांगायचं आणि सहाव्या वर्षी त्याच डॉक्टरपुढे बसवून म्हणायचं, "काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं वाटेल." माझ्या ओळखीतल्या एका मुलीने यावर आजीला विचारलं होतं, "लाल की काळी?" आजी गप्प झाली. मला तो प्रश्न फार शहाणपणाचा वाटतो. मोठ्यांना तो विचारायचा धीर होत नाही, एवढाच फरक.

मध्यंतरी मामांची दुसरी बाजूही दुखायला लागली. आता जेवायला बाजूच उरली नाही. मामींनी शोधून काढलेली डॉक्टर मामांच्या नातीच्या वयाची. तिने तोंड उघडायला सांगण्याआधी खुर्ची सरळ ठेवून विचारलं, "काका, भीती नेमकी कशाची वाटते?" हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. मामांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "मध्येच थांब म्हणता येत नाही, त्याची." पाय वर, डोकं खाली, डोळ्यांवर दिवा आणि तोंडात परक्या माणसाचे दोन्ही हात, अशा अवस्थेत जन्मभर गावकीत बोलत आलेला माणूस मुका होतो. तिने सांगितलं, डावा हात वर करा, मी थांबेन. मामांनी ड्रिल लागायच्या आधीच हात वर केला. दुखत नव्हतं, खरंच थांबते का, ते बघायचं होतं. ती थांबली.

मग तिने काय काय देता येतं ते सांगितलं. मामी म्हणाल्या, "एवढ्याशा दाढेला भूल?" हा प्रश्न आपल्याकडे हटकून येतो. भूल म्हटलं की आपल्याला एकदम ऑपरेशन थिएटर दिसतं. आधी जागा बधिर करायची. लिग्नोकेन हे औषध स्वीडनच्या निल्स लोफग्रेनने 1943 साली तयार केलं, तेच अजून चालतं. हिरडीवर आधी जेल लावला आणि औषध सावकाश सोडलं, तर टोचणं बरंच कमी होतं. औषध जागेवर टिकावं म्हणून त्यात चिमूटभर अ‍ॅड्रेनलिन असतं. त्याने कधी कधी छाती धडधडते. भित्र्या माणसाला वाटतं, आपलं हृदय गेलं. ती धडधड औषधाची असते आणि थोड्या वेळात उतरते, हे आधी सांगितलं तर निम्मं काम होतं. भीती कमी करणारी औषधं यापेक्षा निराळी. ती घेतली तरी बधिर करणारी सुई चुकत नाही, फक्त तिचं काही वाटेनासं होतं.

त्यांतलं सगळ्यात सौम्य म्हणजे नायट्रस ऑक्साइड, हसवणारा वायू. त्याने दुखणं जातं, तेव्हा शस्त्रक्रियेत तो वापरता येईल, असं हम्फ्री डेव्हीने 1800 सालीच लिहून ठेवलं होतं. लोकांनी पुढची चाळीसेक वर्षं तो खेळतमाशात हुंगण्यात घालवली. 1844 च्या डिसेंबरात अमेरिकेत हार्टफर्डला असाच एक खेळ बघायला होरेस वेल्स नावाचा दंतवैद्य गेला. वायू हुंगलेल्या एका माणसाच्या पायाला लागलं आणि त्याला पत्ताच नाही, हे त्याने पाहिलं. दुसऱ्याच दिवशी त्याने तो वायू घेऊन सहकाऱ्याकडून स्वतःची दाढ काढून घेतली. पुढच्या महिन्यात बॉस्टनला प्रयोग दाखवायला गेला, तर वायू पुरेसा दिला गेला नाही, रोगी ओरडला आणि जमलेल्यांनी वेल्सची हुर्यो उडवली. बिचाऱ्याचा शेवट फार वाईट झाला. पण पहिली दाढ स्वतःची दिली, म्हणून मला हा माणूस आवडतो.

आता यंत्र तो वायू ऑक्सिजनमध्ये मिसळून देतं, आणि ऑक्सिजन 30 टक्क्यांच्या खाली जाऊच देत नाही. नाकावर छोटी टोपी बसवतात, प्रमाण हळूहळू वाढवतात. बोटांना मुंग्या येतात (मुंग्यांपासून सुटका नाहीच), अंग ऊबदार, जड होतं. शेवटी पाचेक मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की माणूस उठून चालत घरी. मधूनमधून डॉक्टर विचारतात, "काका, गाव कुठलं? शेती कसली?" याला आपण वायफळ चौकशी समजतो. पण माणूस शुद्धीत आहे, बोललेलं त्याला कळतंय, याची ती तपासणीही असते. मामांनी वायूच घेतला, आणि या चौकशीला एवढ्या गांभीर्याने उत्तर दिलं, की शेवटी डावा हात वर करून सगळं थांबवलं आणि सांगितलं, "विहिरीतला तो नाग नव्हता. धामण होती." मामी बाहेर होत्या, पण दार उघडं होतं.

याच्या वरची पायरी गोळीची. तास-दीड तास आधी घ्यायची, तीही डॉक्टरने लिहून दिलेली. शेजाऱ्याच्या डबीतली नाही. तिचं प्रमाण एकदा गिळल्यावर बदलता येत नाही. त्याच्या वर शिरेतून मिडाझोलाम. इथे भूलतज्ज्ञ असलेला बरा, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लागतो, सोबत माणूस लागतो. त्या दिवशी गाडी चालवायची नाही आणि महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही. दुसरी अट ऐकून मामांचे धाकटे बंधू जरा हिरमुसले, असं ऐकतो. पूर्ण भूल हॉस्पिटलातच, उपाशी पोटी. अगदी लहान मुलं, अवघड अक्कलदाढा किंवा ज्यांना खुर्चीत बसणंच शक्य नाही, त्यांच्यासाठी.

मिडाझोलामची एक गंमत मला विचारात पाडते. माणूस जागा असतो, सांगितलं तसं तोंड उघडतो, पण नंतर त्याला जवळपास काही आठवत नाही. फार घाबरलेल्याला हे वरदान आहे. पण आपण धीराने बसलो होतो, हेही तो विसरतो. पुढच्या वेळी भीती जिथल्या तिथे. लंडनच्या गाईज हॉस्पिटलात अशा लोकांना आधी मानसोपचाराच्या काही बैठका देतात. तिथला 2015 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की त्यांतल्या पाचांपैकी जवळजवळ चौघांनी पुढे गुंगीच्या औषधाशिवाय दात दाखवले. तरी ज्याला वायू हवा त्याने वायू घ्यावा, गोळी हवी त्याने गोळी. मात्र सगळीकडे सगळं मिळत नाही. वेळ घेतानाच फोनवर विचारावं.

मामांच्या रूट कॅनालच्या शेवटच्या बैठकीला त्यांना सर्दी झाली. नाक चोंदलं की नाकावरची टोपी निरुपयोगी. मामांनी मोठ्या आशेने फोन केला. डॉक्टर म्हणाली, "मग आज नुसत्या हातावर भागवू या." मामा गेले. वायूशिवाय बसले, आणि दाढेवर कॅपचं माप देऊन आले. हात किती वेळा वर झाला, याचा मामांचा आकडा आणि मामींचा आकडा अजून जुळत नाही.