चि. रेडमी नोट नाईन यास अनावृत पत्र

चि. रेडमी नोट नाईन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्या आहेत, तेव्हा तुझं खरं नाव मला ठाऊक आहे. पण २०२०-२१ हे अख्खं वर्ष कॉलेजने तुला ज्या नावाने ओळखलं, त्याच नावाने लिहितो. ‘रेडमी नोट नाईन, आर यू देअर?’ असं बाई रोज विचारत आणि रेडमी नोट नाईन तिथे असे. तू नसायचास, तो भाग वेगळा.

परवा नळावर तुझी आई म्हणाली की तू आता नोकरी सांभाळून ऑनलाइन एम.कॉम. करणार. ऐकून ऊर भरून आला. त्याच गादीवर पुन्हा बसण्याचा योग फार थोड्यांना येतो. बसण्याचा म्हणजे, तू पडायचास. हे पत्र व्हॉट्सॲपवरच पाठवणार होतो. पण तिथे निळ्या खुणा उमटतात आणि मजकूर कुणी वाचलेला नसतो. ती विद्या तू ऑनलाइन वर्गातच कमावलीस, म्हणून हे छापून देतो आहे.

वडाळ्याच्या कोरबा मिठागरातल्या आपल्या चाळीत तुझ्या आणि माझ्या खोलीच्या मधे एका विटेची भिंत आहे. त्या भिंतीला लागून तुमची फळी, फळीवर गोडेतेलाची बरणी आणि बरणीला टेकवलेला फोन. सकाळी लिंक दाबायची. माइक बंद, कॅमेरा बंद, आवाज मात्र पूर्ण, कारण नाव पुकारलं तर धाकट्या बहिणीला ऐकू जायला हवं. तिने चॅटमध्ये ‘प्रेझेंट मॅम’ टाकायचं आणि महिन्याकाठी एक डेअरी मिल्क घ्यायची. एकदा माइक चुकून सुरू राहिला आणि ‘मेल्या, दूध उतू जातंय, ऊठ!’ हे तुझ्या आईचं वाक्य अख्ख्या वर्गाने ऐकलं. त्या तासाला मुलं खऱ्या अर्थाने हजर होती असं मला वाटतं. चॅटमध्ये हसणाऱ्या तोंडांची रांग लागली, असं तुझी बहीण सांगत होती.

वर्षअखेरीस तुझी हजेरी ९७ टक्के भरली. माझी पूर्ण शंभर झाली असती, पण माझं नाव पटावर नव्हतं.

गोदीतून निवृत्त झालेल्या माणसाने टाळेबंदीत जायचं कुठे? लोकल बंद, फाइव्ह गार्डनमधलं फिरणं बंद, त्या आषाढीला तर वडाळ्याच्या विठोबाचं दारसुद्धा बंद. मी चहाचा कप घेऊन भिंतीला पाठ लावून बसायचो आणि पलीकडून अर्थशास्त्र यायचं. मागणीची लवचीकता शिकवताना बाईंनी मिठाचं उदाहरण घेतलं होतं. मिठाचा भाव दुप्पट झाला म्हणून कुणी भाजी अळणी खात नाही आणि निम्म्यावर आला म्हणून कुणी मूठभर जास्त टाकत नाही. म्हणून मिठाची मागणी अलवचीक. मिठागराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत जन्म गेला, पण ही गोष्ट मला निवृत्तीनंतर कळली. तुझ्या अंगावरून ती पांघरुणासकट गेली.

तेव्हा आता जो उपदेश करतो आहे तो एका सहाध्यायीचा समज.

पहिलं म्हणजे हजेरी आणि अभ्यास यांची गल्लत करू नकोस. आमच्या पिढीची ती झाली. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं, त्यातून मी गोदीत नोकरी करता करता बी.ए. झालो. टपालाने पुस्तिका यायच्या. त्यांना हजर राहता येत नसे, म्हणून नाइलाजाने त्या वाचाव्या लागत. समोर बाई नाहीत, लिंक नाही, प्रेझेंट म्हणायची सोय नाही. शिफ्ट सुटल्यावर दोन पानं वाचली नाहीत तर ती दोन पानं दुसऱ्या दिवशी तशीच तोंड वर करून पडलेली असत. फार मागासलेली पद्धत. त्याच संस्थेचं पुढे आयडॉल झालं, आता सीडीओई म्हणतात. नावं बदलत गेली तशी विद्यार्थ्यांची गैरसोय कमी होत गेली, हे मानलं पाहिजे.

दुसरं, सबबी ताज्या ठेव. वडाळ्याच्या पोरांना पिढ्यान् पिढ्या एकच सबब पुरली: हार्बर लाइन बंद होती. ऑनलाइन वर्गाने ती हिरावून घेतली आणि बदल्यात ‘मॅम, नेट गेलं’ दिलं. पण हिचा वापर जपून कर. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी खरंच अख्ख्या मुंबईची वीज गेली, विद्यापीठाला त्या दिवसाचे ऑनलाइन पेपर पुढे ढकलावे लागले, आणि तू मात्र तेवढ्या एका दिवशी खरं बोलूनही ‘असं कसं गेलं?’ म्हणून बहिणीला विचारत होतास. वर्गाचं नेट जाताना गॅलरीत बसून क्रिकेटचा स्कोअर पाहायचा नसतो. भिंतीला कान असतात ही म्हण चाळीत राहणाऱ्या माणसाने रचलेली असणार.

परीक्षेविषयी तुला मी काय सांगणार! त्या वर्षी शेवटच्या वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की घेऊ नयेत हा वाद पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २८ ऑगस्ट २०२० ला निकाल लागला की परीक्षेशिवाय पदवी नाही. मग परीक्षा झाली ती घरबसल्या, एका तासाची, पर्यायांवर टिचकी मारायची. तुझ्या वर्गाच्या वाट्यालाही तोच प्रकार आला. तुमच्या व्हॉट्सॲप गटाचं नाव ‘ज्ञानदीप’ होतं, ते आठवून आजही मला गहिवरून येतं. एकाने प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने उत्तर, बाकीच्यांनी अंगठा. सहकाराची चळवळ पश्चिम महाराष्ट्रात मंदावली म्हणतात. ती तुमच्या गटात नांदत होती. पुढे ३१ जानेवारी २०२२ ला धारावीत दहावी-बारावीची मुलं शिक्षणमंत्र्यांच्या घराबाहेर जमली आणि परीक्षा ऑनलाइनच हवी म्हणाली, तेव्हा लोक त्यांच्यावर खेकसले. मला त्यांचा राग आला नाही. दोन वर्षं ज्यांना आपण हजेरीवर पोसलं, त्यांनी एकाएकी तीन तास बसून लिहावं ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची?

आता एक वाईट उदाहरण देतो. आपल्याच ओळीतली शेवटची खोली. तिथली मुलगी तुझ्याच वर्गात. वडील बेस्टमध्ये, वडाळा डेपोत. लोक घरात बसून थाळ्या वाजवत होते तेव्हाही हे ड्युटीवर. घरात फोन एक, तो वडिलांबरोबर जायचा. दुपारी तीनला वडील आले की फोन हातात, त्यातही आधी धाकट्या दोघांची शाळा. रात्री नऊनंतर ही जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायची, कारण रेंज तिथेच मिळे, आणि सकाळच्या तासाचं रेकॉर्डिंग पाहायची. थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा ऐकायची. मी एकदा तिची वही पाहिली. पट्टीने समास आखलेला, मागणीचा वक्र पेन्सिलीने काढून खोडून पुन्हा काढलेला, आणि पानाच्या कोपऱ्यात लिहिलेलं: ‘मीठ समजलं. कांदा? बाईंना विचारणे.’ रविवारी बाईंना मेसेज करून तिने विचारलंसुद्धा. कांद्याचा भाव चढला की गरिबाच्या ताटातून तो जातो, मग त्याची मागणी मिठासारखी कशी, असा काहीसा प्रश्न होता. बाईंनी सोमवारी त्यावर सगळा तास घालवला. अभ्यासक्रम मागे पडला.

व्हायचं तेच झालं. तिची हजेरी निम्मीसुद्धा भरली नाही. पालकांना बोलावण्याचं पत्र आलं, वडिलांनी एक दिवसाची रजा घालवली. २० ऑक्टोबर २०२१ ला राज्यातली कॉलेजं उघडली आणि पुढे कागदावर पेपर लिहायची वेळ आली, तेव्हा बिचारीला पुरवण्या मागाव्या लागल्या, बोटांना रग लागली. तू अर्ध्या तासात बाहेर येऊन वडापाव खात होतास. तेव्हा तिच्या वाटेने जाऊ नकोस.

काळजी मला वेगळीच आहे. हे नवं ऑनलाइन शिक्षण तुला वाटतं तितकं जुनं राहिलेलं नाही. सरकारच्या ‘स्वयम’ पोर्टलवर नोंदणी कर, शिकणं फुकट, पण प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेला केंद्रावर जाऊन बसावं लागतं. तिथे बहीण चालत नाही. ‘स्वयम’वरच्याच एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमांत दर आठवड्याच्या स्वाध्यायाला २५ टक्के आणि त्या केंद्रावरच्या परीक्षेला ७५. म्हणजे बारीक बारीक कामं आठवड्याच्या आठवड्याला करा आणि वर शेवटी स्वतः उत्तरं लिहा, असा दुहेरी काच. शिवाय २०२२च्या सप्टेंबरात यूजीसीने जाहीर केलं की मान्यता असलेल्या संस्थेची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची. आजवर ‘ऑनलाइनच तर आहे’ असं म्हणून हात झटकता येत होते, तेही गेलं. एवढंच कर की फी भरण्याआधी यूजीसीच्या यादीत त्या संस्थेचं नाव आणि तो अभ्यासक्रम दोन्ही आहेत का ते पाहा. हे मी चेष्टेने म्हणत नाही. जाहिरातीत टायवाला हसरा तरुण असतो, यादीत नसतो.

आपल्या दारावरून धावणाऱ्या मोनोरेलकडे पाहून मला नेहमी तुझा वर्ग आठवायचा. २०१४ साली चेंबूरकडची सुरू झाली, २०१९ मध्ये जेकब सर्कलपर्यंत गेली. ठरल्या वेळेला निघायची, ठरल्या वेळेला पोचायची, दिवे लागलेले, डबे गार, आत तुरळक माणसं. वर्षानुवर्षं तोट्यात आणि वर्षानुवर्षं सुरू. मग १९ ऑगस्ट २०२५ ला पावसाने लोकल बसल्या आणि सगळं गाव त्या एका गाडीत शिरलं. गाडी वजनाने मैसूर कॉलनी आणि भक्ती पार्कच्या मधे हवेत अडकली. अग्निशमन दलाने शिड्या लावून पाचशेहून जास्त माणसं उतरवली. तुमच्या वर्गाचंही तेच: सहा महिने रिकामा, आणि चाचणीची लिंक आली की सगळे एकदम दारात. मग सर्व्हर बसतो आणि आपण सर्व्हरच्या नावाने शंख करतो.

राहून राहून मला बाईंचं वाटतं. मी त्यांना पाहिलेलं नाही, तू तरी कुठे पाहिलंस म्हणा. पण प्रत्येक मुद्द्यानंतर त्या विचारायच्या, ‘समजलं का?’ पलीकडे सत्तर-ऐंशी काळे चौकोन. कुणी बोलायचं नाही. त्या थांबायच्या. पंख्याचा आवाज यायचा, त्यांच्या घरातल्या कुकरची शिट्टी यायची. पुन्हा विचारायच्या, ‘कुणी आहे ना?’ एकदा मला राहवलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हणालो, ‘हो बाई, समजलं, पुढे चला.’ आमची ही स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, ताप चढला. बाई पुढे गेल्या मात्र. आता तुझा फोन बंद माइकचा असताना माझा आवाज तिकडे जाणं शक्य नाही हे मलाही कळतं, पण त्या वर्षी तुझ्या बाजूने वर्गात दिलं गेलेलं ते एकमेव उत्तर होतं, एवढी नोंद असू दे.

वडिलांना नमस्कार. बहिणीला आशीर्वाद, तिचा मेहनताना या खेपेला वाढवून दे, तीही आता कॉलेजात आहे आणि तिला स्वतःची हजेरी लावायची असते.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
भिंतीपलीकडचा काका

ता. क. नव्या कोर्सचे तास किती वाजता असतात ते कळव. संध्याकाळी सातला नको, मी विठ्ठल मंदिरात भजनाला असतो. रेकॉर्डिंग मिळत असेल तर उत्तम, पण मागच्यासारखं दुप्पट वेगाने लावू नकोस. बाईंना गाडी पकडायची आहे असं वाटत राहतं आणि मला लिहून घेता येत नाही. आणि पगारातून तू कानात घालायचे इअरफोन घेतलेस असं आईकडून कळलं. ते दुकानात परत घेतात का बघ.