पेटंट घालवण्याची सोपी पद्धत: मस्कतला आलेल्या नव्या संशोधकासाठी

पेटंट कसं मिळवावं हे सांगणारे ढीगभर लोक भेटतात. ते हमखास कसं घालवावं हे मात्र कुणी धडपणे शिकवत नाही, आणि प्रत्यक्षात बहुतेकांना लागतं तेच. पुण्यामुंबईकडे पीएचडी करून अल खूदच्या सुलतान काबूस विद्यापीठात, नाहीतर निझवा-सोहारकडे नोकरीला लागलेल्या आपल्या मंडळींसाठी हा प्राथमिक पाठ. चोर लागत नाही, हेर लागत नाही. चांगला स्वभाव आणि थोडा आळस एवढ्या भांडवलावर काम भागतं.

सुरुवात एका समजुतीपासून करा: ‘आखातात कुठे आलाय असला कायदा!’ ही समजूत पक्की असली की पुढचं सगळं सोपं जातं. ओमान 1997 मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत गेला, 2000 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आणि 2001 मध्ये आंतरराष्ट्रीय पेटंट अर्जाच्या करारात, म्हणजे पीसीटीत. पेटंट आणि इतर औद्योगिक हक्कांसाठी 2008 चा शाही हुकूम क्रमांक 67 आहे, कॉपीराइटसाठी त्याच वर्षीचा क्रमांक 65. यातलं काहीही वाचू नका. कॉपीराइटची तर चिंताच सोडा, तो लिहिल्या क्षणी आपोआप मिळतो आणि सहज हातचा जात नाही. म्हणूनच जर्नलवाल्यांनी पाठवलेल्या फॉर्मवर एका क्लिकने तो देऊन टाकायची सोय असते.

आता मुख्य पाठ: बोला. लवकर बोला, सगळ्यांना सांगा.

समजा तुम्ही समुद्राचं पाणी गोडं करणारा नवा मेम्ब्रेन तयार केलात. ओमानसारख्या देशात ही काही छोटी गोष्ट नव्हे, इथल्या नळाचं बरंचसं पाणी समुद्रातूनच येतं. अशा वेळी अर्जबिर्ज करत बसू नका. आधी परिषदेला पोस्टर पाठवा. पोस्टरवर घटकांचं प्रमाण, तापमान, आलेख सगळं ठळक असू द्या, कोपऱ्यात क्यूआर कोड टाका आणि शेजारी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला फोटो काढू द्या. एमएस्सीच्या विद्यार्थ्याचा प्रबंध त्याच आठवड्यात ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर चढवा. प्रबंध कोण वाचतं, असं तुम्हाला वाटेल. कुणी वाचायची गरजच नसते. वाचता येण्याजोगा असला की पेटंट कार्यालयाला तेवढं पुरतं.

इथे एक अडचण सांगून ठेवतो. तुमच्या या औदार्याला ओमान माफी देऊ शकतो. अमेरिकेबरोबरचा मुक्त व्यापार करार 1 जानेवारी 2009 पासून लागू आहे. संशोधकाने स्वतःच गोष्ट उघड केली असेल, तर त्यानंतर 12 महिन्यांच्या आत केलेल्या अर्जाला ती आड येऊ द्यायची नाही, असं त्यात कलम आहे. पण नाउमेद होऊ नका. युरोपात अशी सर्वसाधारण मुभा नाही. तिकडे पोस्टर लागलं की विषय संपला. भारतात सवलत आहे, पण तिला दारं मोजकी: विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध, सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, अशा थाटाची. तेव्हा ‘वर्षभर वेळ आहे’ एवढंच अर्धवट लक्षात ठेवा आणि कोणत्या देशात, हा प्रश्न डोक्यात येऊच देऊ नका.

या शास्त्रातले थोर पूर्वसूरी म्हणजे स्टॅनफर्डचे कोहेन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बॉयर. डीएनएचे तुकडे जोडून जिवाणूत वाढवण्याची पद्धत त्यांनी नोव्हेंबर 1973 मध्ये छापून टाकली. विद्यापीठाने धावपळ करून 4 नोव्हेंबर 1974 ला, अमेरिकेतली वर्षाची मुदत संपता संपता, अर्ज केला. बाकी जगातले हक्क तोवर गेले होते. एकट्या अमेरिकेच्या हक्कावर पुढे सुमारे 25 कोटी डॉलर मिळाले, त्यामुळे या उदाहरणात घालवण्याची कला पूर्णत्वाला गेली असं म्हणवत नाही.

दुसरी कला सहीची. इथे तेलाबरोबर खारं पाणी भरमसाट वर येतं आणि ते साफ कसं करावं यावर विद्यापीठांना काम मिळतं. तुम्ही कंपनीच्या गेटवर पोहोचता. फोटो निघतो, गळ्यात व्हिजिटरचा बिल्ला पडतो आणि काचेखालून एक कागद सरकतो. मागे रांग, बाहेर 45 अंश, आत साहेब वाट बघतायत. करा सही.

1989 मध्ये स्टॅनफर्डच्या एका संशोधकाने अशीच केली. रक्तातल्या एचआयव्हीचं प्रमाण मोजण्याच्या कामासाठी तो सीटस नावाच्या कंपनीत जाऊ लागला, तेव्हा. विद्यापीठाला त्याने आधी लिहून दिलं होतं, ‘हक्क सोपवायला मी कबूल आहे.’ कंपनीच्या कागदावर मात्र होतं, ‘याद्वारे सोपवत आहे.’ पहिला वायदा, दुसरा व्यवहार. सीटसचा तो धंदा पुढे रोशने घेतला, भांडण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2011 मध्ये स्टॅनफर्ड हरलं. संशोधन सरकारी पैशातून झालं होतं, तरीही. तुमच्या नेमणूकपत्रात यापैकी कोणतं वाक्य आहे? सोडा, पगाराचा आकडा बघितलात ना!

थोडं लोबानाबद्दल, कारण मस्कतला आलेला प्रत्येक रसायनशास्त्रज्ञ कधी ना कधी मत्रहच्या बाजारात उभा राहून त्याच विचारात पडतो. धोफारचा लुबान घरोघरी जळतो, पाण्यात भिजवून ते पाणी पोटासाठी पितात. तुम्ही अर्ज करा: ‘पोटाच्या तक्रारींवर लुबानाचा वापर.’ हळदीच्या बाबतीत अमेरिकेत हे जमलं होतं. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मार्च 1995 मध्ये मिळालं. मग सीएसआयआरने, म्हणजे आपल्या माशेलच्या डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या हाताखालच्या संस्थेने, जुने ग्रंथ आणि 1953 चा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला निबंध पुढे ठेवला आणि 1997 मध्ये ते रद्द करायला लावलं. आजीला ठाऊक होतं एवढं सांगून भागलं नव्हतं, छापील पुरावा लागला. लुबानातून एखादं द्रव्य वेगळं काढण्याची खरोखर नवी रीत तुम्हाला सापडली असेल, तर ती गोष्ट निराळी, तिला पेटंट मिळूही शकतं. म्हणून अर्जात रीत लिहू नका, आजीच लिहा.

संशोधकांच्या यादीत विभागप्रमुखांचं नाव घाला, ज्या पोरीने रात्री जागून प्रयोग केला तिचं गाळा. शोधनिबंधात हे खपतं. पेटंटमध्ये यादी खोटी ठरली की काही देशांत सगळा दस्तऐवजच निकालात निघतो. आखाती सहकार्य परिषदेच्या रियाधमधल्या कार्यालयात एक अर्ज केला की सहाही देशांत पेटंट मिळतं, हे जुन्या माहितीपत्रकातलं वाक्यही घोकून ठेवा. तिथे नवे अर्ज घेणं जानेवारी 2021 पासून थांबलं होतं.

एवढं सगळं करूनही नशिबाने पेटंट मिळालंच, तर घाबरू नका. 20 वर्षांची मुदत ही नुसती छापील असते. टिकवायला ठरल्या वेळी शुल्क भरावं लागतं, आणि चुकलं तर दंडासह भरायला किमान सहा महिने देतात. संपर्कासाठी विद्यापीठाचा ईमेल द्या. कंत्राट संपेल, रेसिडेंट कार्ड जमा होईल, तुम्ही कोथरूडला परताल आणि आयटी विभाग ते खातं बंद करेल. स्मरणपत्रं त्यानंतर निघतील.