मागचं का आत्ताचं?

रहस्यपटातला गुन्हेगार मध्यंतराआधी हेरतो, ही घराण्यात माझी एकमेव ख्याती. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतल्या झुंजारावर पोसलेल्या माणसाला तेवढं यायलाच हवं. शेवटी भलताच कुणी गुन्हेगार निघाला, तर ती चूक मी दिग्दर्शकाच्या खाती मांडतो.

भालकीच्या आत्याला शेजारी घेऊन राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’ (1964) बघणं मात्र झुंजारालाही झेपलं नसतं. वकिलाची बायको वारलेली, आणि हुबेहूब तिच्यासारखी बाई कोर्टात ‘मीच तुमची बायको’ म्हणतेय. काशिनाथ घाणेकर जाब विचारतायत, गोष्ट मागे जातेय, आणि आत्या:

“आरं, हे आत्ताचं हाय का मागचं?”

“मागचं.”

“मग जिती हाय की ती!”

“तेव्हा होती.”

“मेली का न्हाई, ते अगुदर सांग!”

हा चित्रपट जयंत देवकुळ्यांच्या ‘आशा परत येते’वरून घेतलाय, ही माहिती मी रुबाबात पुरवली. तिने चहा मागितला.

आता या बाईची स्वतःची सांगण्याची तऱ्हा ऐका. तांब्याचा हंडा चोरीला कसा गेला, एवढंच मी विचारलं होतं. सुरुवात हैदराबादच्या पोलीस ॲक्शनपासून, म्हणजे 1948. तिथून उदगीरची आजी, आजीच्या घरच्या लग्नात रुसलेला मामा, मामाच्या बैलगाडीचं मोडलेलं चाक, ते सांधणारा सुतार, सुताराची कानडी बायको आणि तिने शिकवलेली शेंगापोळी. शेंगापोळीत गूळ किती, यावर पाव तास. हंडा अजून विहिरीवरच.

ती अडखळली एकदाच, 1956च्या 1 नोव्हेंबरपाशी. लग्न होऊन आली तेव्हा उदगीर आणि भालकी, दोन्ही बिदर जिल्ह्यात. त्या दिवशी राज्यांची फेरआखणी होऊन माहेर मुंबई राज्यात गेलं, सासर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. “मला कुणी इचारलंतं का रं?” म्हणाली, आणि पुन्हा गुळाकडे वळली. पुण्याचे पाहुणे मला ‘कर्नाटकातले असून मराठी छान बोलता हो’ म्हणतात, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आत्या त्यांनाही शेंगापोळी वाढते. या प्रकरणातला आरोपी काही मला सापडलेला नाही.

हंडा थोरल्या जाऊबाईंनी नेला होता. हे मी शेंगापोळीच्या आधीच ओळखलं होतं.

‘पाठलाग’चं गुपित फोडत नाही. राज खोसलांनी 1966 साली त्यावरूनच ‘मेरा साया’ काढला. तो पाहिला असेल तर ते फुटलेलंच आहे. नसेल, तर आधी मराठी बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन बघणार असाल, तर दुसऱ्या दिवशी सुट्टी काढा.