आजी फुकट, पोरगं फुल तिकीट

कमी खर्चात भटकंती कशी करावी, याचे धडे हल्ली मोबाईलवर मिळतात. शिकवणाऱ्याच्या पाठीवरच्या सॅकच्या किमतीत आमच्या वडशाच्या पोराची महिन्याची मेस भागते, हा भाग वेगळा.

इथली गणितं निराळी. अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात इतकी वर्षं रेल्वे दिसली ती आमच्याच वडशात. जिल्ह्याच्या ठिकाणी जाणारा पन्नासेक किलोमीटरचा फाटा भाषणांतून केव्हाच पोचलाय. राहिली एसटी. 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेली आजी फुकट, 2023 पासून आई-बहीण अर्ध्या तिकिटात. कॉलेज संपलेलं, नोकरी न लागलेलं पोरगं मात्र पूर्ण तिकीट काढतं. म्हणजे घरात ज्याच्या खिशात सर्वांत कमी, त्यालाच शासन सधन समजतं. त्यानं तरुणपणी जग पाहायचं म्हटलं, तर पंचाहत्तरीपर्यंत थांबणं परवडतं.

नाहीतर झाडीपट्टीची रंगभूमी आहेच. नाटक मंडळ्यांची कार्यालयं वडशातच. त्यात नट म्हणून शिरलं, तर दिवाळी सरली की होळीपर्यंत रोज नवं गाव. गाडीभाडं मंडळीचं, जेवण गावकऱ्यांचं, वर रात्रीचे पैसे हातात. मुंबई-पुण्याचे नटही या सहलीला येतात, ते काय उगाच? इतकी स्वस्त योजना कुठल्या ट्रॅव्हल कंपनीनं काढलेली ऐकिवात नाही. अटी दोनच: पहाटेपर्यंत जागायचं, आणि शेवटच्या अंकात हुकमी रडता आलं पाहिजे. बेरोजगाराला यातली दुसरी फारशी जड जाऊ नये.