झिक्लेकाका

झिक्लेकाकांच्या दिवाणखान्यात पहिल्यांदाच जाणाऱ्यानं दोन शब्द तोंडातून निघू देऊ नयेत. एक 'पोस्टर' आणि दुसरा 'सीनरी'. "वा, छान आहे सीनरी" असं म्हणून सोफ्यावर टेकलेल्या पाहुण्याचा चहा गार होतो, पण त्याची सुटका होत नाही.

पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांत हा नमुना आता आढळतो. बँकेतून किंवा एखाद्या कारखान्याच्या डिझाइन खात्यातून निवृत्त, मुलगी युरोपात, भिंत मोकळी आणि दिवसही मोकळा. मुलीकडून परत आल्यावर हॉलमधलं गणपतीचं कॅलेंडर स्वयंपाकघरात जातं आणि त्या खिळ्यावर फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं 'इम्प्रेशन, सूर्योदय' येतं. ल हाव्रच्या बंदरावरचं धुकं, पुढे होड्या, वर नारिंगी सूर्य. माप 48 बाय 63 सेंटिमीटर, कारण मूळ चित्र तेवढंच आहे. सोफ्याच्या मानानं ते फारच लहान दिसतं, असं काकू म्हणतात. मोनेनं ते आपल्या सोफ्यासाठी काढलं नव्हतं, असं काका म्हणतात.

हे चित्र 1874 च्या एप्रिलमध्ये पॅरिसला छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत लागलं, तेव्हा लुई लरोआ या टीकाकारानं त्याची यथेच्छ टिंगल केली. भिंतीला चिकटवायचा अर्धामुर्धा तयार कागदही यापेक्षा पुरा वाटतो, अशा अर्थाचं काहीतरी त्यानं लिहिलं. दीडशे वर्षं उलटून गेली, तरी काकांचा लरोआवरचा राग ताजा आहे. याच सूर्योदयाचा आता खरोखरचा वॉलपेपर चौरस मीटरच्या भावानं मिळतो, हे मात्र त्यांच्यासमोर कुणी काढत नाही.

'प्रिंट' एवढं म्हटलेलं त्यांना कसंबसं चालतं. त्यांचा लाडका शब्द 'झिक्ले', म्हणजे उंची इंकजेट. त्याचा इतिहास त्यांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्का पाठ आहे. छपाईआधी रंगांचं प्रूफ काढायला बनवलेलं आयरिस नावाचं यंत्र, ते 1,26,000 डॉलर मोजून घेणारा रॉक गायक ग्रॅहॅम नॅश, 1991 मध्ये कॅलिफोर्नियात उघडलेला त्याचा स्टुडिओ आणि शेवटी स्मिथसोनियन संग्रहालयात जाऊन बसलेलं ते यंत्र. सुरुवातीच्या शाया थोड्याच वर्षांत उडायच्या, हेही ते सांगतात, पण आवाज उतरवून. मग लगेच आवाज चढतो. "आपली पिगमेंट इंक आहे. शंभर वर्षं हलत नाही!" शंभर वर्षांनी तपासायला कोण येणार, हे काकू आतून विचारतात. कागद शंभर टक्के सुती, 308 ग्रॅमचा, 1584 पासून चालत आलेल्या जर्मन गिरणीचा. हल्ली लग्नपत्रिका हातात पडली तरी काका आधी चिमटीत धरून तिचं वजन जोखतात. वधूवरांची नावं नंतर.

खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलंय : 23/500. सोबत अस्सलपणाचं प्रमाणपत्रही आहे. मोने 1926 मध्ये गेला, त्यामुळे त्यावर सही छापणाऱ्या कंपनीच्या माणसाची. ही नक्कल अस्सल आहे, अशी ग्वाही देणारा तो कागद बँकेच्या लॉकरमध्ये काकूंच्या पाटल्यांशेजारी ठेवलेला असतो. मोनेच्या चित्रांवरचा हक्क कधीच संपलाय. कंपनीनं उद्या दोन इंच मोठं माप धरून आणखी पाचशेची 'मर्यादित' आवृत्ती काढली, तर तिचा हात धरणारं कुणी नाही. पण लॉकरची किल्ली कमरेला असलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

फ्रेमचं प्रकरण वेगळंच रंगलं. फ्रेमवाल्यानं चित्र उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं, "काका, देवाचं आहे का?"

"नाही."

"मग कुणी वारलंय?"

"तसं म्हटलं तर हो," काका म्हणाले. त्यामुळे हार अडकवायला वर एक छोटा खिळा आपोआप आला. तो अजून आहे.

प्रत लागल्यापासून घरातले दिवे तीनदा बदलले. ट्यूबलाइटमध्ये धुकं हिरवट पडायचं, पिवळ्या बल्बखाली सूर्य बटाटेवड्याच्या रंगावर जायचा. काकांना हवा असतो 'खरा' रंग. पण तो कुठला, इथे घोळ आहे. मोनेच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, तेव्हा त्याची चित्रं तांबूस-तपकिरी होत गेली आणि 1923 मध्ये शस्त्रक्रिया झाल्यावर तो रंगांना पुन्हा नव्यानं भिडला. चित्रकार रेन्वाची गोष्ट याहून अवघड. त्यानं 1883 मध्ये काढलेलं मादाम क्लापिसाँचं चित्र शिकागोच्या संग्रहालयात आहे. चौकट काढल्यावर दिसलं, की झाकलेल्या कडेला पार्श्वभूमी लालभडक उरलीय आणि बाकीचा लाल उजेडानं केव्हाच उडालाय. संग्रहालयानं 2014 मध्ये मूळ रंगांचा अंदाज करून डिजिटल प्रतही दाखवली. हे काकूंनी कुठेतरी वाचलं आणि जेवताना सहज विचारलं, "म्हणजे रेन्वा घेतलात तर तो लाल घेणार की विटका?" त्या दिवशी काका ताक न पिताच उठले.

खरं तर छापील चित्राचं कौतुक आपल्याकडे जुनं आहे. राजा रविवर्म्यानं 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. काकांच्या आजीकडेही एक लक्ष्मी होती आणि आजीनं तिच्या लुगड्याला खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या होत्या. आज परदेशी कंपन्या छापील कॅनव्हासवर ब्रशनं पारदर्शक जेल फिरवतात आणि 'हातानं सजवलेली प्रत' म्हणून वरचे पैसे घेतात. आजीनं ते फुकटात केलं, शिवाय आवृत्तीचा क्रमांक न विचारता रोज नैवेद्यही दाखवला.

दुसऱ्या युरोपवारीत काकांनी पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयात मूळ 'सूर्योदय' पाहिला. हे चित्र 1985 मध्ये भरदिवसा पळवलं गेलं आणि 1990 मध्ये कॉर्सिकात सापडलं. काकांनी खिशातून आपल्या प्रतीच्या रंगांची पट्टी काढून दुरूनच डोळ्यांसमोर धरली आणि मुलीच्या कानात निकाल दिला : मूळ चित्र जरा मळकट वाटतंय. मुलगी दुसऱ्या दालनात निघून गेली.

जिव्हेर्नीला, मोनेच्या घरी, मात्र त्यांचा ऊर भरून आला. तिथल्या पिवळ्याधमक जेवणघराच्या भिंतींवर होकुसाई, हिरोशिगे, उतामारो यांची चित्रं! सगळी छापील! मोनेनं असली दोनशेहून जास्त जपानी चित्रं हौसेनं जमवली होती. त्याच घरातल्या बैठकीच्या स्टुडिओत त्याचीच चित्रं दाटीवाटीनं लावलेली आहेत, पण मूळ चित्रं संग्रहालयांत गेल्यामुळे या साऱ्या प्रतिकृती. हे कळल्यावर बरोबरच्या पर्यटकांचे चेहरे पडले. काका तिथल्या तिथे काकूंना म्हणाले, "बघ, त्याच्याही घरी!"

सध्या त्यांचं वाजलंय चौथ्या मजल्यावरच्या एका तरुणाशी. वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी आपल्या चित्रांच्या मोठ्या फाइली फुकट देते. त्यानं तिथून मोनेची 1875 ची छत्रीवाली बाई उतरवली आणि नगरसेवकांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स छापणाऱ्या दुकानातून पाच फुटी करून आणली, चारी कोपऱ्यांना कड्यांसकट. काका भिंग घेऊनच वर गेले. बाईच्या पायाशी वाकून गवत तपासलं आणि गरजले, "अरे, सावलीत काळा ओतलाय! मोनेनं सावल्या निळ्या-जांभळ्यात काढल्या. काळ्याला हाकललं होतं त्यानं!"

"तुमच्या मशीनमध्ये काळा नसतो का?" तरुणानं विचारलं.

काकांनी खाली जाऊन माहितीपत्रकच आणलं. बारा टाक्यांचं यंत्र. तरुणानं मोठ्यानं वाचायला घेतलं : मॅट काळा, फोटो काळा, राखाडी, फोटो राखाडी.

"तो काळा वेगळा," काका म्हणाले आणि माहितीपत्रक मागून घेतलं.