पावती कायले पाहिजे?

पातुरात पावती मागणं म्हणजे समोरच्याच्या खानदानावर संशय घेणं. बसस्टँडसमोर नकाशाच्या प्रिंटा काढून घ्या, गाडीचं पंक्चर जोडून घ्या, साइटवरच्या मजुरांसाठी चहा सांगा. पैसे देऊन झाल्यावर तुम्ही "पावती द्या" म्हणालात की माणूस आधी तुमच्याकडे बघतो, मग तुमच्या मागे कुणी साहेब तर उभा नाही ना ते बघतो आणि दुखावलेल्या आवाजात विचारतो, "कायले? भरोसा नाई काय?"

माझा भरोसा पुरेपूर आहे. ज्याचा नाही ते दिल्लीत बसलंय, हे पंक्चरवाल्याला कसं समजावायचं? एकानं तरीही माझी अडचण मनावर घेतली आणि बिडीच्या बंडलाच्या कागदावर लिहून दिलं : 'पंचर दोन. पैसे भेटले. आता काही वाद नाई.' खाली सही. माझ्या फायलीत इतका निःसंदिग्ध दस्तऐवज दुसरा नाही.

मी बांधकामाचा इंजिनीअर. अकोल्याच्या एका फर्ममध्ये बरीच वर्षं नोकरी केली. मग फर्मनं एकदा चहा पाजून सांगितलं की आजपासून तुम्ही नोकर नाही, सल्लागार आहात. काम तेच, फोनही तेच, रात्री साडेनऊला येणारे. फक्त पीएफ नाही, दिवाळीचा बोनस नाही आणि पंखा आपल्या घरचा. गावात दोन बातम्या पसरल्या. अर्ध्या पातुराच्या मते मला काढलं, उरलेल्या अर्ध्याच्या मते मला पैशाची मस्ती आली. मी समोरच्या खोलीत टेबल टाकलं, लॅपटॉप उघडला आणि फर्मच्या कामाच्या जोडीला आलेगाव, चान्नी, बाभुळगावकडच्या लोकांच्या घरांचे नकाशे आणि अंदाजपत्रकं करायला लागलो.

फर्मला पहिलं बिल दिलं साठ हजारांचं. खात्यात आले चोपन्न.

आईला नोकरीतला पगार महिन्याच्या महिन्याला ठरलेला यायची सवय. तिनं चष्मा लावून मोबाइल बघितला. "सहा हजार कोनं खाल्ले?"

"कोणी खाल्ले नाहीत. टीडीएस. व्यावसायिक फी असली की देणारा दहा टक्के कापून सरकारात भरतो. माझ्याच पॅनवर जमा असतात."

"तू देनार नाईस असं वाटते काय त्याइले?"

"तसं नाही गं, पद्धत आहे."

"मंग भरोसा नाई म्हन न सरळ," आई म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. पंक्चरवाला आणि आई यांची गाठ घालून दिली पाहिजे, असं मला तेव्हा वाटलं.

ज्या करापोटी माझे सहा हजार कापले गेले, तो प्राप्तिकर भारतात आणला जेम्स विल्सन या साहेबानं. १८५७ च्या उठावात कंपनीच्या तिजोरीचा बोजवारा उडाला होता, तो निस्तरायला विलायतेहून पाठवलेला माणूस. 'द इकॉनॉमिस्ट' नावाचं साप्ताहिक याच्याच हातचं. १८६० च्या जुलैत त्याचा कर लागू झाला आणि पुढच्याच महिन्यात, ऑगस्टात, तो कलकत्त्यात हगवणीनं गेला. आमच्या शेजारच्या काकांना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी समाधानानं मान हलवली. "लोकाइचा तळतळाट, दुसरं काय!" काका निवृत्त पटवारी. वसुलीचा अनुभव दांडगा असल्यामुळे तळतळाटाबद्दल ते अधिकारानं बोलतात.

पुढचं समजून घ्यायला अकोल्याला, रतनलाल प्लॉटमधल्या सीए ताईंकडे गेलो. त्या माझ्याहून पुष्कळ लहान, मला दादा म्हणतात, पण बिलांची पिशवी टेबलावर ओतली तेव्हा मी त्यांना अहो-जाहो करायला लागलो तो कायमचा. बिडीचा कागद त्यांनी दोन बोटांत धरून बराच वेळ वाचला. मग म्हणाल्या, "दादा, याची तशी गरजच नाही."

झालं असं की इंजिनीअर, वकील, डॉक्टर अशा ठरावीक पेशांसाठी कायद्यात एक सोय आहे. ४४एडीए हे तिचं जुनं नाव. वर्षाची जमा पन्नास लाखांच्या आत असेल, आणि रोखीचा व्यवहार पाच टक्क्यांच्या वर नसेल तर पंचाहत्तर लाखांपर्यंतही, तर अर्धी जमा खर्चात गेली असं सरकार आपणहून धरून चालतं. उरलेल्या अर्ध्यावर हिशेब करायचा. वह्या दाखवा, पावत्या दाखवा अशी कटकट नाही. अर्धे पैसे कुठे गेले ते न विचारता मान्य करणारा मला आयुष्यात भेटलेला हा पहिलाच. हे कलम लिहिणारा अधिकारी संसारी असणार.

"आणि उरलेलं अर्धं बारा लाखांच्या आत आहे," ताई म्हणाल्या, "म्हणजे नव्या पद्धतीत सूट मिळून तुमचा कर शून्य. कापलेले सगळे पैसे परत येतील. जीएसटीचाही प्रश्न नाही, तो सेवेला वीस लाखांच्या पुढे."

शून्य! मी पिशवी आवरली. पण शून्य हे नुसतं असून चालत नाही, सिद्ध करावं लागतं. पॅन, आधार, बँकेचा उतारा, दिलेल्या प्रत्येक बिलाची प्रत, कापलेल्या कराचं प्रमाणपत्र, आणि हे सगळं एकमेकांशी रुपयाला रुपया जुळलं पाहिजे. ज्याला लाखभर भरायचेत तो भरून मोकळा होतो. ज्याला काहीच भरायचं नाही त्याचं वर्ष कागद जुळवण्यात जातं. त्यात मागचं वर्ष आणि आकारणी वर्ष. जुन्या कायद्यात आपण कमावत असतो त्या चालू वर्षाला 'मागचं वर्ष' म्हणायचे. हे मी घोकून घोकून पाठ केलं, तोच १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागला. ८१९ कलमांची ५३६ झाली, 'मागचं वर्ष' गेलं, नुसतं 'कर वर्ष' आलं, आणि पातुरातला ४४एडीएचा एकमेव जाणकार पुन्हा बिगरीत जाऊन बसला.

गावाकडे मात्र या सगळ्यावर एकच उत्तर होतं. टपरीवर, सलूनमध्ये, लग्नाच्या पंगतीत, जो भेटेल तो आवाज खाली आणून सांगायचा, "शेतीत दाखव न!" शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही, हे वऱ्हाडात पोरगं बाराखडीच्या आधी शिकतं. आमची दोन एकर आहे, घाटाच्या पायथ्याशी. तूर पेरतो. त्यातली निम्मी रोही, म्हणजे नीलगायी, खातात, उरलेल्यात रानडुकरं लोळतात, त्यातून वाचलेली आम्ही वरणाला वापरतो. या जमिनीत माझी सल्लागाराची फी उगवून दाखवायची, तर कृषी विद्यापीठानं अजून न काढलेलं वाण लागेल.

काकांना तरीही हाच मार्ग पसंत होता. त्यांच्या काळी गाव नमुना बारावर पेरा पटवारी लिहायचा, आणि त्यांच्याच सांगण्यानुसार बाजेवर बसून, बऱ्यापैकी कल्पनाशक्तीनं. मी त्यांना ई-पीक पाहणी दाखवली. २०२१ पासून शेतकऱ्यानं स्वतः वावरात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो चढवायचा असतो आणि आपण कुठे उभे आहोत तेही त्यात उमटतं. काकांनी माझ्या तुरीचा फोटो निरखून पाहिला. फोटोत तूर कमी आणि रोही जास्त दिसत होता. "आता काई मजा नाई राह्यली," एवढंच ते म्हणाले.

पण हेच काका माझे हिशेबातले खरे गुरू निघाले, त्यांच्या आहेराच्या वहीमुळे. प्राप्तिकराच्या पोर्टलवर एआयएस म्हणून एक कागद असतो, वार्षिक माहिती विवरण. वर्षभरात आपल्या पॅनवर कुणी काय दिलं, बँकेनं किती व्याज दिलं, कोणता शेअर विकला, ते सगळं त्यात आपण न सांगता येऊन बसलेलं असतं. ताईंनी तो पहिल्यांदा उघडून दाखवला, तेव्हा मला हे कुठेतरी पाहिलंय असं वाटत राहिलं. घरी आल्यावर लक्षात आलं. काकांच्या ट्रंकेतली वही! थोरल्या मुलीच्या लग्नापासूनची. 'आलेगाववाले मामा, अकरा रुपये. वाडेगावचे व्याही, स्टीलचा गंज, झाकणासह. शाळेचे मास्तर, एकवीस, पाकिटावर एक्कावन्न लिहिलेले.' ही वही बघूनच काका पुढच्या लग्नाला पाकीट भरतात. अकरावाल्याला एकवीस, गंजवाल्याला गंज, आणि मास्तरांना एकवीसच, पण पाकिटावर एकशे एक लिहून. वऱ्हाडात सालदाराचा हिशेब तोंडी चालेल, वाटण्या तोंडी होतील, पण आहेर लेखी. एखादा विसरला म्हणून सुटत नाही, वही त्याला वीस वर्षांनी गाठते. एआयएस त्याच जातीचा. फरक इतकाच की काका वही ट्रंकेत ठेवतात आणि सरकार ती आपल्यालाच वाचायला देऊन विचारतं, 'बरोबर आहे ना?' पटलं नाही तर तिथेच हरकत नोंदवता येते. काकांकडे ती सोय नाही. गंज झाकणासह होता की नव्हता, यावरून वाडेगावशी त्यांचं बोलणं काही काळ बंद होतं.

आमच्याकडे हरकत आली ती निराळ्या बाजूनं. लॅपटॉप टेबलावर उघडा राहिला होता. आमची ही चहा ठेवायला आली आणि व्याजाच्या रकान्यावर तिचं बोट थांबलं.

"हे कोणत्या बँकेतलं?"

"जुनी एफडी आहे. लहानशी."

"लहानशीचं व्याज एवढं?"

ऑनलाइन प्रतिसादात 'माहिती अमान्य आहे' असा पर्याय असतो. त्या वेळी खोलीत तो मला उपलब्ध नव्हता.

अर्ध्या जमेची सोय घेतली तर हिशेबाच्या वह्यांची सक्ती नाही, तरी रोजकीर्द लिहायची सवय लावून घ्या, असं ताईंचं म्हणणं. उद्या खर्च खरंच निम्म्याहून जास्त झाला आणि तो दाखवायचा म्हटलं, तर सगळ्या वह्या लागतात. जनार्दनस्वामींनी देवगिरीवर एकनाथांना हिशेबाला बसवलं, एका पैची चूक शोधायला त्यांनी रात्र जागवली आणि सापडल्यावर टाळी वाजवली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. दुसरीकडे तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली, हेही ऐकलं आहे. मराठी माणसापुढे दोन्ही वाटा पहिल्यापासून खुल्या होत्या आणि स्वतंत्र धंदा करणारे बहुतेक कोणत्या वाटेनं गेले, ते सीए लोकांना विचारा. शिवाय आता इंद्रायणीचा उपयोग नाही. कागद बुडवला तरी त्याची प्रत पोर्टलवर तरंगत असते.

मी नाथांची वाट धरली. लाल कापडी पाठीची लांब वही आणली, लक्ष्मीपूजनाला आईनं तिच्यावर हळदकुंकू वाहिलं, आणि त्याच आठवड्यात चाळीस रुपये जुळेनात. रात्री उशिरापर्यंत प्रिंटांचे, पेट्रोलचे, चहाचे आकडे वरून खाली आणि खालून वर मांडत बसलो. शेवटी आई पाणी प्यायला उठली.

"ड्रावरातले चाळीस मी घेतले. मेथीवाली आल्ती."

"मग लिहून ठेवायचं ना आई! पावती नाही, काही नाही."

"माह्याच घरातले पैसे माह्याच घरच्या भाजीले. पावती कोनाले फाडून देऊ, मेथीले?"

टाळी वाजवावी असं काही मला वाटलं नाही.

एक कर मात्र मी खरोखर भरतो. व्यवसाय कर. वर्षाचे अडीच हजार, जूनअखेर. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमानं त्याला अडीच हजारांची कमाल मर्यादा घालून दिलीय, ती १९८८ पासून तशीच आहे. त्या साली जी किंमत होती तीच आज असलेली दुसरी वस्तू मला तरी पातुरात सापडली नाही. हे चलन आईपासून लपवूनच भरणार होतो, कारण परत न येणाऱ्या पैशांचं समर्थन करणं मला जमत नाही. पण तिनं विचारलंच, हे कायचे? मी सांगितलं की हा कर महाराष्ट्रात १९७५ ला आला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या कमावत्यांकडून घ्यायचा आणि खेड्यात हाताला काम द्यायचं.

आई थांबली. तिचं माहेर हिंगोलीकडचं. बहात्तरच्या दुष्काळात ती आणि मामा खडी फोडायला जायचे. सुकडी मिळायची ती ओच्यात बांधून घरी आणायचे. रोजगार हमीचे जनक वि. स. पागे हे नाव तिला ठाऊक नाही, पण रोहयो म्हटलं की ती पाझर तलाव कोणत्या गावचा, पाळीवर कोण मुकादम होता आणि तो हजेरी कशी खायचा, इथपर्यंत सांगते.

"मंग हा भर," ती म्हणाली. "अन् पावती घेजो. मुकादमाचा भरोसा नाई."

टीडीएसचे पैसेही आले. विवरणपत्र बंगळुरूच्या केंद्रात तपासलं जातं, तिथूनच परतावा निघाला, वर थोडं व्याज. ते व्याज पुढच्या वर्षी उत्पन्नात धरायचं, असं ताईंनी लगेच कळवलं. मी काकांना ही सगळी साखळी समजावून सांगितली : सरकारनं माझे पैसे कापले, शून्य कर निघाला म्हणून परत दिले, ठेवून घेतल्याबद्दल व्याज दिलं आणि त्या व्याजाचा हिशेब मागितला. काका म्हणाले, "आमच्या वख्ती एवढं डोकं चालवनारा सावकारही नोता."

त्यांची चेष्टा बंद झाली ती त्यांच्या पोरामुळे. तो ट्रॅक्टरनं गिट्टी-रेती टाकतो, बिल म्हणून व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवतो. त्याला घर बांधायचंय, नकाशा माझाच. कर्जाला गेला तर बँकवाला तीन वर्षांची विवरणपत्रं मागू लागला. एका संध्याकाळी काका एका पिशवीत त्याची कागदपत्रं घेऊन आले.

"पोट्ट्याचे मागचे दोन वर्षं आज भरता येते काय?"

मी ताईंना फोन लावून स्पीकरवर ठेवला. त्या म्हणाल्या की चार वर्षांपर्यंत अद्ययावत विवरणपत्र भरता येतं, पण कर निघत असेल तरच, आणि त्या करावर आणखी पंचवीस ते सत्तर टक्के जास्तीचे.

"अन् कर निघत नसंल तं?"

"तर नाही भरता येत, काका."

काकांनी हे डोक्यात दोनदा फिरवून पाहिलं. मग फोन बंद झाल्याची खात्री करून माझ्याकडे सरकले. "कोनी ओयखीचं नाई काय तिथं?"

"तिथं माणूसच नसतो काका. बंगळुरूला कॉम्प्युटर बघतो सगळं."

"हाव, ते समजलं," काका म्हणाले. "पन थो मूळचा कोन्या गावचा?"