चपला बाहेर, संगणक आत

वाणिज्य शाखेच्या पदवीला 'संगणक कौशल्ये आणि व्यावसायिक माहिती प्रणाली' अशा किंवा याच तोडीच्या भारदस्त नावाचा एक विषय असतो. त्याचे दोन भाग पडतात, लेखी आणि प्रात्यक्षिक. लेखी भागाला संगणक लागत नाही. प्रात्यक्षिकाला लागतो, पण त्या दिवशी वीज असावी लागते.

लेखी भागाची सुरुवात व्याख्येने होते. मग तीन चौकटींची आकृती येते: इनपुट, प्रक्रिया, आउटपुट. चौकटी पट्टीने आखलेल्या नसतील तर अर्धा गुण जातो. त्यानंतर संगणकाचे गुणदोष. वेग, अचूकता, न थकणे आणि न कंटाळणे हे गुण. स्वतःची बुद्धी नसणे आणि सांगितले तेवढेच करणे हे दोष. ही यादी पाठ करणाऱ्याकडूनही परीक्षेची अपेक्षा साधारण एवढीच असते. पुढे चार्ल्स बॅबेज 'संगणकाचे जनक' म्हणून एका ओळीत येऊन जातात आणि संगणकाच्या पिढ्या सुरू होतात. 1946 साली जगापुढे आलेला एनिअ‍ॅक सुमारे 27 टनांचा होता आणि त्यात जवळजवळ 18,000 निर्वात नलिका होत्या, हे विद्यार्थी झोपेतही सांगतो. समोरच्या संगणकात रॅम किती आहे, हे त्याला ठाऊक नसते, कारण ते गाईडमध्ये नाही. साडेतीन इंची फ्लॉपीची क्षमता 1.44 मेगाबाइट, हेही पाठ असते. सोनीने फ्लॉपीची विक्री 2011 साली थांबवली. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांपर्यंत ही बातमी अजून पोहोचायची आहे.

प्रयोगशाळेचा पहिला नियम चपला बाहेर काढण्याचा. धुळीने यंत्रे बिघडतात, हे त्याचे मूळ कारण. यंत्रे आता तेवढी नाजूक राहिली नाहीत, पण नियम टिकला, आणि त्याच्या जोडीला 'माझी चप्पल कोणी नेली' हा प्रत्येक बॅचचा शेवटचा संवादही टिकला. आत वातानुकूलन असते. ते संगणकांसाठी आहे, हे विद्यार्थ्यांना वारंवार सांगितले जाते. एका संगणकावर दोघे-तिघे बसतात. ज्याच्या हाती माउस तो काम करतो, दुसरा 'तिथे नाही रे, त्याच्या खाली' असे मार्गदर्शन करतो आणि तिसरा या दोघांची नावे हजेरीत लागली का ते पाहून येतो. संगणक सुरू झाल्यावर पहिली कृती ठरलेली: डेस्कटॉपवर उजवी कळ दाबून 'रिफ्रेश', तेही चार-पाच वेळा. या आज्ञेने पडद्यावरील फायलींची चित्रे नव्याने मांडली जातात, याहून अधिक काही होत नाही. तरीही ती केल्यावाचून कामाला हात घालणे अशुभ समजतात. बरेच विद्यार्थी ही सवय घरून घेऊनच आलेले असतात, कारण दहावीच्या सुट्टीत त्यांची एमएस-सीआयटी झालेली असते. महाराष्ट्रात 2002 पासून चालणारा हा अभ्यासक्रम सरकारी नोकरीला लागतो, म्हणून आईवडील तो आधीच उरकून घेतात, गोवराची लस टोचून घ्यावी तसा.

प्रात्यक्षिकांत वर्ड आधी येते. त्यातला मानाचा पदार्थ म्हणजे मेल मर्ज: एकच पत्र अनेकांना, प्रत्येकाचे नाव-पत्ता बदलून. मुलाखतीला बोलावण्याचे पत्र करायचे असते. उमेदवार म्हणून बॅचमधल्याच मित्रांची नावे घातली जातात, आणि त्यांतल्या एकाला हमखास 'आपली निवड झालेली नाही' असे कळवले जाते. मग एक्सेल. तिथे पगारपत्रक करायचे: मूळ वेतन, त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, वजा भविष्यनिर्वाह निधी. हातखर्चाला वडिलांकडे हात पसरणारा विद्यार्थी दहा काल्पनिक नोकरांना तासाभरात पगार देऊन मोकळा होतो. रकाना अरुंद पडला की आकड्यांच्या जागी जाळीच्या खुणांची रांग उमटते. हिशेब चुकला असे समजून तो आकडे पुसतो आणि सगळे पुन्हा टाइप करतो; रकाना मात्र तेवढाच राहतो.

एक्सेलचा दुसरा हट्ट तारखांचा. ग्रामीण भागातला विद्यार्थी जमिनीच्या नोंदींचा तक्ता करायला बसतो आणि शीर्षकाच्या खणात '7/12' लिहितो. एक्सेल त्याची तत्काळ तारीख करते. संगणकाची मांडणी भारतीय असेल तर 7 डिसेंबर, अमेरिकी असेल तर 12 जुलै. महाराष्ट्राचा महसूल विभाग ज्या कागदावर उभा आहे, त्याचा दिनदर्शिकेशी संबंध नाही, हे या कार्यक्रमाला सांगण्याचा उपाय म्हणजे आधी एक एकेरी अवतरणचिन्ह देणे. याच खोडीपुढे शास्त्रज्ञांनीही हात टेकले. काही जनुकांची इंग्रजी नावे मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांसारखी दिसत, म्हणून एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकी. अखेर 2020 मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलली. एक्सेलला समजावण्यापेक्षा ते सोपे होते.

यापेक्षा बोधप्रद गोष्ट 1900 सालची आहे, आणि ती क्रमिक पुस्तकात नसते. शतकाचे वर्ष 400 ने भागले गेले तरच लीप, म्हणून 1900 लीप नव्हते. पण 1983 साली बाजारात आलेल्या लोटस 1-2-3 या गणनपत्रकाने ते लीप धरले. एक्सेल 1987 मध्ये विंडोजवर आले, तेव्हा लोटसच्या फायली जशाच्या तशा उघडायला हव्या होत्या, म्हणून ही चूकही जशीच्या तशी उचलण्यात आली. एक्सेलमध्ये आजही 29 फेब्रुवारी 1900 लिहिले तर ते निमूटपणे स्वीकारले जाते. शेजाऱ्याचे उतरवताना त्याची चूकही उतरवणे, हे ज्या विद्यार्थ्यांचे रोजचे काम, त्यांना हा इतिहास शिकवला तर उद्योगजगताबद्दल फार आपुलकी वाटेल.

लेखी भागाचा उत्तरार्ध माहिती प्रणालींचा. येथे एक पिरॅमिड काढावा लागतो. हार्वर्डच्या रॉबर्ट अँथनी यांनी 1965 साली व्यवस्थापनाचे तीन थर मांडले, खाली रोजची कामे, मध्ये नियंत्रण आणि वर दूरचे नियोजन. त्यावर पुढच्यांनी प्रणालींची नावे चढवली: तळाशी व्यवहार नोंदवणारी प्रणाली, वर व्यवस्थापनाची माहिती प्रणाली, तिच्यावर निर्णयसाहाय्य प्रणाली आणि टोकाला वरिष्ठांची प्रणाली. टोक इतके निमुळते असते की वरिष्ठांचे नाव आकृतीत मावत नाही. ते बाहेर लिहून बाण काढतात. उदाहरण म्हणून पुस्तके विमानाचे आरक्षण आणि बँक देतात. विमानाने न फिरलेला विद्यार्थी ते पाठ करतो. डोळ्यांसमोरचे उदाहरण मात्र कोणी देत नाही. ते जर्नलचे, म्हणजे प्रात्यक्षिकांच्या वहीचे.

प्रत्येक प्रात्यक्षिक वहीत उद्दिष्ट, कृती आणि निष्कर्ष अशा मथळ्यांखाली लिहून, प्रिंट चिकटवून, सह्या घ्यायच्या असतात. सह्या झाल्याशिवाय वही प्रमाणित होत नाही आणि वही प्रमाणित झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. या प्रणालीत मूळ डेटा एकाच ठिकाणी तयार होतो. पहिल्या बाकावरची एक मुलगी सर्व प्रात्यक्षिके स्वतः करते. तिच्या वहीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर येतात आणि तिथून साऱ्या वर्गात पसरतात. वितरणात थोडी गळती होते. फोटोत अंगठा आल्यामुळे एखाद्या सूत्राचा शेवटचा कंस सर्वांच्या वहीत सारखाच गहाळ असतो. तिच्या वहीवरचा तिचा स्वतःचा रोल नंबर इतर तिघा-चौघांच्या वहीत सापडणे, हेही नेहमीचेच. ती मामेभावाच्या लग्नाला साताऱ्याला गेली की सगळी प्रणाली ठप्प होते. या धोक्याला पुस्तकात भारी नाव आहे, पण तिथला बॅकअपचा धडा कोणी उतरवलेला नसतो. निर्णयसाहाय्याचा थरही इथे हजर असतो. कोणते प्रात्यक्षिक नाही लिहिले तर चालेल, हा प्रश्न गोरी आणि स्कॉट मॉर्टन या अभ्यासकांनी 1971 मध्ये ज्यांना अर्धरचित निर्णय म्हटले, त्या जातीचा आहे. काही भाग नियमाने सुटतो, उरलेला सरांच्या मूडवर. शेवटी एकाच दुपारी साऱ्या तारखा भरल्या जातात. आठवड्याच्या अंतराने मोजत जाताना एखादी तारीख दिवाळीच्या सुट्टीत पडते. सही तिच्यावरही होते.

ईआरपी हा या भागातला सर्वांत लांब प्रश्न. नोंद एकदाच करायची आणि ती सर्व विभागांनी वापरायची, हे त्याचे तत्त्व. ते लिहून पाच गुण मिळवलेला विद्यार्थी बोनाफाइड दाखल्यासाठी कॉलेजच्या पोर्टलवर अर्ज भरतो, त्याची प्रिंट काढतो, सोबत ओळखपत्राची झेरॉक्स जोडतो आणि खिडकीवर देतो. खिडकीच्या आतले काका ती पाहून रजिस्टरमध्ये नोंद करतात, कारण ऑडिटला रजिस्टर लागते. टॅलीचे एक प्रकरणही असते. गोएंका पितापुत्रांनी 1986 साली उभ्या केलेल्या या देशी कार्यक्रमात देयकाला एफ 5 आणि पावतीला एफ 6, एवढे हाताला बसले तरी गावच्या एखाद्या दुकानात संध्याकाळचे काम मिळते. अख्ख्या अभ्यासक्रमात रोख पैसा देणारे प्रकरण बहुधा हेच, म्हणून त्याला सर्वांत कमी तासिका.

परीक्षेच्या दिवशी बाहेरगावचे परीक्षक येतात. शिपाईमामा पोहे-चहा आणतात आणि मग तोंडी परीक्षा सुरू होते. 'एक्सेलमध्ये ओळी किती?' हा लाडका प्रश्न. योग्य उत्तर 10,48,576. जुन्या गाईडवाले 65,536 सांगतात आणि गुण गमावतात. मात्र हाच आकडा 2020 मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेला नडला. जुन्या प्रकारच्या फायलीत तेवढ्याच ओळी मावतात, म्हणून कोविडचे 15,841 रुग्ण यादीत वेळेवर चढलेच नाहीत. गाईड जुने असणे ही केवळ आपल्याकडची अडचण नव्हे. घाबरलेल्या विद्यार्थ्याला परीक्षक शेवटी 'सेव्हची शॉर्टकट सांग' असे विचारतात. तो हवेत डाव्या हाताची दोन बोटे दाबून दाखवतो. तोंडाने सांगता येत नाही, पण हाताला येते. याला बहुतेक परीक्षक गुण देतात. ते गुण छापील तक्त्यावर, आकड्यांत आणि अक्षरांत, शाईच्या पेनाने भरले जातात. तक्त्याच्या तीन प्रती करतात आणि खाडाखोड झाली असेल तिथे दोन्ही परीक्षकांची सही घेतात.